रिंजानीच्या वाटेवर कोणाची चाल धरायची?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. लग्नाला अडीच वर्षं झाली. नवरा कॉलेजपासून सह्याद्रीत भटकणारा. अलंग-मदन-कुलंग, नळीची वाट, सगळं झालंय त्याचं. मी लग्नानंतर चढायला लागले. राजमाची, तोरणा, कळसूबाई झाले. चढते, पण सावकाश. दिवाळीच्या सुट्टीला जोडून दहा दिवस इंडोनेशियाला जायचं ठरतंय. पाठीवर सॅक, स्वस्तातली राहणी, दोघांचे मिळून एक लाख साठ हजार. त्याचं स्वप्न आहे लोम्बोक बेटावरचा रिंजानी. त्याने सगळ्यात स्वस्त पॅकेज शोधलंय, दोन दिवस-एक रात्र, अनोळखी लोकांच्या गटाबरोबर. तीन दिवसांचं जरा बरं पॅकेज दोघांचं मिळून चौदा हजारांनी महाग पडतं. 'तेवढ्यात आपले चार दिवस निघतील' असं तो म्हणतो. आपलं सामान आपणच उचलायचं, पोर्टरला द्यायचं नाही, यावरही तो ठाम आहे. मी काही बोलले की म्हणतो, 'तू म्हणशील तसं.' मला भीती वाटते की माझ्यामुळे त्याचं शिखर हुकेल, मी त्याच्यासाठी ओझं होईन. पाठ दुखतेय असं सांगून मी खाली, जवळच्या गिली बेटाच्या किनाऱ्यावर थांबू का, म्हणजे तो तरी मोकळेपणाने जाईल? की दात-ओठ खाऊन चढत राहू? त्यात दिवाळीला घरी नाही म्हणून सासूबाई हिरमुसल्यात, ते वेगळंच."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि तुमच्या नवऱ्याची म्हणून जी वाक्यं तुम्ही दिली आहेत त्यांच्याखाली रेघ मारत गेले. तो चौदा हजारांबद्दल बोललाय, सामान उचलण्याबद्दल बोललाय आणि "तू म्हणशील तसं" म्हणालाय. तुमच्यामुळे शिखर हुकेल असं तो कुठेही म्हणालेला नाही. 'ओझं' हा शब्दही पत्रात तुमचाच आहे. त्याच्या मनात तसं काहीच नसेल असा माझा दावा नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच देऊन टाकलंत आणि त्या उत्तरावर पाठदुखीचा बेतसुद्धा रचलात. प्रवासखर्चाचा तक्ता मांडताना तुम्ही स्वतःलाच खर्चाच्या रकान्यात लिहिलंय. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

पण आधी डोंगराचं बोलू. तुमच्या दोघांच्या डोक्यात असलेला रिंजानी थोडा कळसूबाईसारखा आहे, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. रिंजानीचं ३,७२६ मीटरवर. सुमात्रातल्या केरिंचीच्या खालोखाल हा इंडोनेशियातला सगळ्यात उंच ज्वालामुखी. नेहमीची शिखराची वाट सेंबालून गावातून निघते. हे गाव साधारण १,१५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी तिथून ज्वालामुखीच्या खळग्याच्या काठावरच्या मुक्कामाला पोचायचं, २,६३९ मीटरवर. म्हणजे जिथे तंबू लागतो ती जागाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. त्या दिवसाच्या शेवटी, पाय भरून आलेले असताना, एकामागून एक टेकड्या लागतात. त्यांना तिथले लोक 'बुकित पेन्येसालान' म्हणतात, पश्चात्तापाच्या टेकड्या. मग जेवण, जेमतेम चार-पाच तास झोप, आणि रात्री दोनच्या सुमाराला टॉर्च डोक्याला बांधून शिखराकडे. जवळपास अकराशे मीटरचा चढ, आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे निव्वळ घसारा. ज्वालामुखीची राख आणि बारीक खडी. दोन पावलं वर टाकावीत तर एक खाली येतं. दोन्ही बाजूंना उतार तुटत गेलेले. विषुववृत्तापासून हे बेट आठ-नऊ अंशांवर आहे, म्हणून पुष्कळजण टीशर्ट आणि पातळ जाकीट घेऊन जातात. पहाटे माथ्यावर पारा शून्याच्या आसपास असतो आणि वर वारा.

आता दोन दिवसांच्या पॅकेजचा दुसरा दिवस डोळ्यांपुढे आणा. रात्री दोनपासून अकराशे मीटर चढायचं आणि त्याच दिवशी, झोप न झालेल्या अंगाने, शिखरावरून थेट सेंबालूनपर्यंत अडीच हजार मीटरहून जास्त उतरायचं. सह्याद्रीत आपण घसरतो, धडपडतो, गुडघे धरून बसतो ते बहुतेक वेळा उतरताना, दुपारनंतर, पाणी संपत आल्यावर. हे तुमच्या नवऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्याच्याशी बोलताना "मला जमणार नाही" असं सुरू करू नका. हे दोन आकडे पुढे ठेवा आणि विचारा, "तू आपल्या ग्रुपचा लीड असतास तर नवीन माणसांना घेऊन हा प्लॅन केला असतास?" त्याने नसता केला, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट. २,५०० मीटरच्या वर गेलं की काहींना उंचीचा त्रास होतो. डोकं ठणकतं, मळमळतं, पाय लटपटतात. हा त्रास कोणाला होईल ते तब्येतीवरून किंवा सरावावरून सांगता येत नाही. पत्रात हिमालयाचा कुठे उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालते की तुमच्या नवऱ्याची सगळी भटकंती १,६४६ मीटरच्या आतली आहे. म्हणजे २,६३९ मीटरवर तंबूत डोकं धरून तो बसेल आणि तुम्ही त्याला पाणी द्याल, हेही तितकंच शक्य आहे. तुमच्या दोघांत कच्चा कोण, हे पुण्यात बसून ठरवता येणार नाही. तुम्ही ते आधीच ठरवून मोकळ्या झाला आहात.

आता पाठदुखीचं. नका सांगू.

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आम्ही रतनगडाला गेलो होतो. नव्या बुटांनी माझी टाच सोलली होती. "लागलं का?" असं यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा मी "छे, काही नाही" म्हणाले. कारण हेच, की माझ्यामुळे सगळ्यांना थांबायला नको. उतरताना पाऊल टेकवेना. अंधार पडला. दोन्ही सॅक यांनी घेतल्या, एका भिडूचा खांदा मला दिला आणि रतनवाडीत पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? तेव्हा पट्टी लावून मागे वळलो असतो." सावकाश चालण्याचा राग कधीच नव्हता. मी खोटं बोलले आणि निर्णय घ्यायची वेळ टळून गेली, हे त्यांना लागलं होतं. पाठदुखीचं निमित्त आज सोपं वाटेल. पण पुढच्या वर्षी दुसरा डोंगर येईल, तेव्हा काय दुखवणार? आणि लोम्बोकला तुमचा नवरा शिखरावर उभा असेल तेव्हा त्याच्या मनात खालची आजारी बायको असेल. त्याला मोकळेपणाने जाता यावं म्हणून तुम्ही जे करताय त्याने तो मोकळा होणारच नाही.

खरं कारण सांगून खाली थांबणं मात्र अगदी चांगला पर्याय आहे. गिली बेटांवर पेट्रोलच्या गाड्या चालत नाहीत, घोडागाड्या आणि सायकली असतात, निळं पाणी असतं. तीन दिवस एकटीने पुस्तक घेऊन पडायचं असेल तर मजेत पडा. फक्त ती इच्छा तुमची असली पाहिजे. तुमच्या पत्रात मला ती दिसली नाही. तुम्हाला डोंगर हवाय. तुम्ही गिलीबद्दल एक ओळ लिहिलीत आणि रिंजानीबद्दल दीड पान.

मधली एक वाट आहे, आणि ती तुमच्यापैकी कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. शिखराला जाणारे सगळे काठावरच्या मुक्कामावरून रात्री निघतात आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तिथेच परत येतात. म्हणजे तुम्ही दोघं काठापर्यंत बरोबर जाल. पुढे जायचं की नाही हे तुम्ही तिथे, अंगात काय उरलंय ते पाहून ठरवाल. नाही गेलात तर तंबू आहे, स्वयंपाक करणारी माणसं आहेत, हातात गरम चहा आहे, आणि सूर्य तिथूनही उगवताना दिसतो. खाली काठाच्या आत सेगारा आनाक हे तळं, त्यात बारुजारी नावाचा छोटा, अजून जागा असलेला ज्वालामुखी. २०१५ मध्ये त्याच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता.

या तळ्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काठ म्हणजे शिखर न जमलेल्यांसाठीचं उत्तेजनार्थ बक्षीस, असं तुमच्या मनात आहे, आणि ते मला पुसायचंय. इथे एकेकाळी समालास नावाचा आणखी मोठा डोंगर होता. १२५७ साली तो फुटला. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून अठरा वर्षं होती. गेल्या काही हजार वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. त्याचं गंधक ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्हीकडच्या बर्फात सापडत होतं, पण ते आलं कुठून हे कळत नव्हतं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी ते लोम्बोकला आणून जोडलं. ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्यांमधल्या उल्लेखांचीही त्यात मदत झाली. जो डोंगर गेला त्याच्या जागी खळगा राहिला, आणि त्यात हे तळं साठलं. तिथले सासाक लोक आणि बालीचे हिंदू दोघंही या डोंगराला पवित्र मानतात. बालीचे हिंदू पेकलेमचा विधी करतात तो या तळ्याकाठी, पाण्यात सोन्याच्या वस्तू अर्पण करून. जवळच्या गरम झऱ्यांत अंगाचं दुखणं जातं म्हणून लोक उतरतात. ज्यांचा हा डोंगर आहे त्यांची यात्रा तळ्याची आहे. शिखराची ओढ बाहेरून येणाऱ्या आपल्यासारख्यांना. तुम्ही काठावर थांबलात तर तुमचा रिंजानी अर्धा राहिला, असं म्हणायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

आता पैशांचं, कारण भांडण तिथेच अडलंय.

चौदा हजार ही तुमच्या बजेटमध्ये लहान रक्कम नाही, आणि तुमचा नवरा कंजूष आहे असा सूर मी लावणार नाही. ज्याने कॉलेजात एसटीने जाऊन, देवळात झोपून किल्ले केले त्याला डोंगरावर पैसे खर्च करणं चुकीचं वाटतं. त्यामागे एक निष्ठा आहे. पण इथे स्वस्त आणि महाग पॅकेजमधला फरक नेमका कुठून येतो ते त्याने विचारलंय का? स्वस्त गटात एका गाइडमागे माणसं जास्त असतात. २०२५ च्या जूनमध्ये ब्राझीलची एक तरुणी शिखराकडे जाताना उतारावरून घसरून पडली. थकल्यामुळे ती गटाच्या मागे राहिली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तिचा मृतदेह वर काढायला चार दिवस लागले. त्यानंतर तिथले नियम कडक केले गेले. तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. सावकाश चालणाऱ्या माणसाजवळ कोण थांबतं, या एका प्रश्नावर तिथे सगळं ठरतं. आपल्याकडच्या चांगल्या ग्रुपमध्ये सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी चालतो. तीच सोय तिथे पैसे देऊन घ्यायची. पॅकेजवाल्यांना लेखी विचारा: एका गाइडमागे किती जण? मागे राहणाऱ्याबरोबर कोण असतं? मी मध्येच परत फिरले तर मला तंबूपर्यंत कोण आणतं? या उत्तरांत टाळाटाळ दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी ते सोडा. त्या जास्तीच्या चौदा हजारांत दुसरा गाइड मिळाला तर शिखराच्या रात्री नवरा त्याच्या चालीने जाईल, तुम्ही तुमच्या. कोणी कोणासाठी श्वास रोखून चालायला नको. त्या पैशांत मला तरी हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

पोर्टरचा मुद्दा मला वेगळा काढावासा वाटतो. "आपलं सामान आपण" हे ठीक आहे, पाच-सहा किलोची सॅक जरूर उचला. पण पॅकेजमध्ये तंबू, पाणी, तांदूळ, भांडी हे सगळं कोणीतरी उचलतच असतं. बांबूच्या कावडीला दोन टोकांना टोपल्या बांधून, पुष्कळदा पायात साध्या सपाता घालून, तिथली माणसं हे ओझं त्याच पश्चात्तापाच्या टेकड्यांवरून नेतात. पॅकेज फार स्वस्त झालं की कात्री लागते ती यांच्या मजुरीला, यांच्या रात्रीच्या पांघरुणाला, आणि वरचा कचरा खाली आणण्याच्या कामाला. पाचनई, बारीसारख्या आपल्या गडांच्या पायथ्याच्या गावांत आपल्याला पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या मावशींशी आपण घासाघीस करत नाही. तुमचा नवराही करत नसणार. त्याला एवढंच विचारा की पोर्टरला दिवसाचे किती मिळतात आणि एकाच्या वाट्याला किती किलो येतात, हे त्या स्वस्तवाल्याला विचारू या का. माझा अंदाज आहे की या प्रश्नावर तो तुमच्या बाजूला येईल.

मग चौदा हजार काढायचे कुठून? बालीहून लोम्बोकला वेगवान बोटीऐवजी पादांग बाई ते लेंबार ही सावकाश फेरी घ्या. चार-पाच तास लागतात, पण डेकवर बसायला मिळतं आणि भाडं खूपच कमी. सेंबालून किंवा डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या सेनारू गावात घरगुती मुक्काम. जेवण वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत. शाकाहारी असाल तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू पोटभर मिळतं, फक्त सांबाल म्हणजे तिथल्या चटणीत बहुधा आंबवलेल्या कोळंबीचा 'तेरासी' असतो, तो आधी विचारा. उबदार जाकीट, काठ्या, हेडटॉर्च विकत घेऊ नका, नवऱ्याच्या ग्रुपमधून मागून घ्या. नवीन बूट तर अजिबात नकोत, ते मी रतनगडावर शिकले. आणि तक्त्यात दोन गोष्टी धरल्यात का बघा: पोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचे माणशी पाच लाख रुपिया, आणि बालीत उतरत असाल तर पर्यटकांवरचा माणशी दीड लाख रुपियांचा कर. आकडे ऐकून दचकू नका, आपले दोन्ही मिळून माणशी साधारण साडेतीन-चार हजार होतात. प्रवासविम्यावर मात्र काटकसर नको. पुष्कळ पॉलिस्यांमध्ये ठरावीक उंचीवरचं ट्रेकिंग बसत नाही. "३,७२६ मीटर, गाइडबरोबर चालत" असं स्पष्ट लिहून ईमेलने उत्तर मागवा.

तारखांचंही पाहा. जानेवारी ते मार्च पावसामुळे रिंजानीच्या वाटा बंद असतात, आणि नोव्हेंबरपासून तिकडे पाऊस सुरू व्हायला लागतो. दिवाळी नेमकी त्या उंबऱ्यावर येते. ओल्या घसाऱ्यात आणि ढगांत ना शिखर ना तळं. गणपतीनंतर, दसऱ्याच्या आधी सुट्टी मिळवता आली तर हवा कोरडी असते, आणि सासूबाईंची दिवाळीही घरी होते. हा एक बदल तुमचे दोन प्रश्न हलके करेल.

माझं मत विचाराल तर तीन दिवसांचं पॅकेज घ्या, आणि त्यातही शिखरानंतरची दुसरी रात्र डोंगरावरच असेल असं बघा, म्हणजे तो जीवघेणा उतार दोन दिवसांत विभागला जाईल. एक दिवस आणखी काढता आला तर सेनारूच्या बाजूने चढून, तळ्यावर उतरून, मग सेंबालूनच्या काठावर येऊन शिखर करायचं. चाल जास्त आहे, पण अंगाला उंचीची सवय व्हायला वेळ मिळतो. आणि सगळा हिशोब करून दोघांच्या लक्षात आलं की यंदा एवढं नको, तर सेनारूहून काठापर्यंत दोन दिवस-एक रात्र हाही पुरता ट्रेक आहे, तळं समोर, आणि घसाऱ्याचा प्रश्न नाही. तो मात्र स्वस्तातल्या शिखरापेक्षा मला केव्हाही पसंत.

काही गोष्टी घरीच, जेवणाच्या टेबलावर ठरवून टाका. वर रात्री अडीचला, थंडीत, शहाणपणाचं बोलणं होत नाही. तिकडे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. साडेसहापर्यंत माथा आला नाही तर जो जिथे असेल तिथून वळेल, हे आत्ताच ठरवा आणि गाइडलाही सांगा. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर दोघांनीही खाली यायचं, मग ते कोणालाही होवो, त्यावर चर्चा नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. तंबूजवळ आडोशाचा संडास असतो का, हे पॅकेजवाल्यांना निःसंकोच विचारा आणि पाळीच्या तारखा बघूनच डोंगराचे दिवस ठरवा. वापरलेलं सगळं पिशवीत घालून खाली आणायचं, हेही. पुष्कळ जणी संडासाच्या अडचणीपायी कमी पाणी पितात आणि उंचीवर तेच नेमकं महागात पडतं.

"तू म्हणशील तसं" या वाक्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते तुम्हाला टोचलेलं दिसतं. तुम्ही त्यात चीड वाचलीत. असेलही. पण वर्षानुवर्षं मित्रांबरोबर भटकलेल्या माणसाला बायकोबरोबर डोंगर कसा करायचा हे खरंच ठाऊक नसतं, आणि चुकीचं बोललो तर ती येणारच नाही या धास्तीने तो असं गुळमुळीत बोलतो, हेही मी पाहिलंय. त्या वाक्याला शब्दशः धरा. त्याने विचारलंय, तर सांगा. "मला रिंजानीला यायचंय. काठापर्यंत नक्की, पुढचं तिथे ठरवीन. दोन दिवसांचं पॅकेज मला नको. तू शिखरावर जावंस असं मला वाटतं आणि त्यासाठी मला दुसरा गाइड हवाय." एवढंच, माफी न मागता. गंमत म्हणजे इंडोनेशियात नवरा-बायकोला 'सुआमी-इस्त्री' म्हणतात, आपल्याच स्वामी आणि स्त्री या शब्दांवरून. आणि तिथला गाइड तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा जे सांगेल ते 'पेलान-पेलान', सावकाश. ते तो वेगाने चालणाऱ्यांनाही सांगतो.

सराव मात्र आजपासून हवा, आणि दोघांना हवा. तुमच्या घरापासून सिंहगड जवळ आहे. पायथ्याहून सलग दोनदा चढलात की शिखराच्या रात्रीएवढा चढ होतो. पहिले काही रविवार एकदाच चढा, मग दोनदा, आणि एकदा तरी पहाटे अंधारात टॉर्च लावून. दोघांच्याही सॅकमध्ये सहा-सहा किलो. उतरताना घाई नको, गुडघ्यांना तीच शिकवण लागते. पुढे तुम्ही चाला, त्याला मागे राहू द्या. चाल तुमची असेल तेव्हा त्याला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायला सांगा. रिंजानीचा हिशोब त्या आकड्यावर करायचाय, त्याच्या कॉलेजातल्या आकड्यावर नाही. आणि वर पोचलात, मडक्यातलं दही आणि भजी समोर आली, की तेव्हा चौदा हजारांचा विषय काढा.